रडारचं चित्र किती वाजताचं आहे, हे आधी विचारा

मी टेक्सासमध्ये राहतो. नोकरी कॉम्प्युटरची, छंद विमान उडवण्याचा. आम्ही चौघांनी मिळून एक जुनं सेसना १८२ घेतलंय, पाळीपाळीने उडवतो. हे भारतातल्या मित्रांना कळलं की त्यांचे दोन प्रश्न ठरलेले असतात. पहिला, किती खर्च येतो? (हा मी टाळतो. बायकोही हे वाचते.) दुसरा, वाटेत वादळ आलं तर काय करता?

मग मी आयपॅडवरचा फोटो दाखवतो. नकाशावर आमचं छोटं विमान, भोवती हिरवे, पिवळे, लाल डाग. हिरवा म्हणजे हलका पाऊस, लाल म्हणजे तिकडे फिरकू नका. फोटो बघून प्रत्येक जण एकच वाक्य म्हणतो, "अरे वा, सॅटेलाइटवरून लाइव्ह दिसतं!"

या वाक्यातले दोन शब्द चुकीचे आहेत. सॅटेलाइट हा एक आणि लाइव्ह हा दुसरा. पहिल्या चुकीने फारसं बिघडत नाही. दुसऱ्या चुकीने माणसं मेली आहेत. आणि या दोन्हींच्या मागे एक सार्वजनिक प्रश्न आहे, ज्याचा विमानाशी काही संबंध नसलेल्या माणसांशीही संबंध येतो. म्हणून ही लांबलचक पोस्ट. चहा घेऊन बसा.

आधी सॅटेलाइटचं. उपग्रह तो पाऊस बघतच नसतो. पाऊस बघतात जमिनीवरची रडारं. अमेरिकेत 'नेक्सरॅड' नावाचं सुमारे १६० डॉप्लर रडारांचं जाळं आहे. नव्वदच्या दशकात उभं राहिलं. हवामान खातं, विमान वाहतूक प्रशासन म्हणजे एफएए, आणि हवाई दल अशा तिघांनी मिळून उभारलं आणि चालवलं. सगळा पैसा करदात्यांचा. या रडारांची माहिती कुणालाही फुकट मिळते. खासगी कंपन्या ती घेतात, सगळ्या रडारांची चित्रं एकमेकांना जोडून देशाचा एक मोठा नकाशा करतात आणि तो उपग्रहामार्फत विमानात पाठवतात. त्यासाठी दरमहा वर्गणी घेतात. थोडक्यात, उपग्रह हा पोस्टमन आहे. पत्र दुसऱ्यानेच लिहिलेलं असतं.

पोस्टमन मात्र वेगवान आहे. छत्तीस हजार किलोमीटर वर आणि तितकंच खाली, एवढा प्रवास साधारण पाव सेकंदात होतो. मग उशीर होतो कुठे?

उशीर होतो तो पत्र लिहिण्यात. रडारची तबकडी एकदा गोल फिरली की काम झालं असं नसतं. ती आधी जमिनीलगत बघते, मग थोडी मान वर करून पुन्हा फिरते, मग आणखी वर. असे अनेक फेरे झाले की ढगाचं पूर्ण चित्र मिळतं. पाऊस असताना एका पूर्ण आवर्तनाला साधारण चार ते सहा मिनिटं लागतात, कोरड्या हवेत दहाच्या आसपास. मग ते चित्र केंद्राकडे जातं. मग कंपनी सगळ्या रडारांची चित्रं गोळा करते. ही रडारं काही एका शिट्टीवर फिरत नाहीत. एकाचं चित्र एक मिनिटापूर्वीचं, शेजारच्याचं सात मिनिटांपूर्वीचं. सगळी शिवून एक गोधडी तयार होते. मग ती पाठवली जाते. विमानातल्या यंत्राने एखादं प्रसारण गाळलं तर पुढच्याची वाट बघायची.

आता यातली खरी मेख. पडद्याच्या कोपऱ्यात चित्राचं वय लिहिलेलं असतं. समजा तिथे '३ मिनिटं' लिहिलंय. बघणाऱ्याला काय वाटेल? तीन मिनिटांपूर्वी तिथे पाऊस असा होता. पण ते वय गोधडी शिवून झाली त्या क्षणापासून मोजलेलं असतं. कापड किती जुनं, हे त्यात येत नाही. रडारने ढग बघितला त्याला किती वेळ झाला, हे पडद्यावर कुठेच नसतं.

हे मी माझ्या मनाने सांगत नाही. अमेरिकेत अपघातांची चौकशी करणारं राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळ आहे, एनटीएसबी. त्यांनी जून २०१२ मध्ये वैमानिकांसाठी खास इशारा काढला. वाईटात वाईट परिस्थितीत प्रत्यक्ष माहिती ही पडद्यावर लिहिलेल्या वयापेक्षा आणखी १५ ते २० मिनिटं जुनी असू शकते, असं त्यात स्पष्ट लिहिलंय.

वीस मिनिटं म्हणजे किती? घरबसल्या काहीच नाही. आमचं विमान तासाला १४० नॉटिकल मैल जातं. वीस मिनिटांत ते सत्तेचाळीस मैल पुढे गेलेलं असतं. वादळ ३५ नॉटच्या वेगाने सरकत असेल तर तेही बारा मैल हललेलं असतं. आणि वादळ फक्त सरकत नाही, वाढतं. उन्हाळ्यातल्या दुपारी फुलकोबीसारख्या दिसणाऱ्या ढगाचा गडगडाटी राक्षस व्हायला कधीकधी पंधरा-वीस मिनिटं पुरतात. म्हणजे जुन्या चित्रात जिथे काहीच नव्हतं, तिथे आता वीज, गारा आणि विमानाला कागदासारखं चुरगाळणारे वारे असू शकतात.

एक अनुभव सांगतो.

काही वर्षांपूर्वीचा मे महिना. माझा मामेभाऊ नाशिकहून आला होता. त्याचं परतीचं विमान डॅलसहून रात्रीचं. मी म्हटलं, चल, तुला ह्यूस्टनहून आपल्या विमानाने नेतो. गाडीने चार तास, आपण दीड तासात पोचू. दुपारी शुगर लँडच्या विमानतळावरून निघालो. अंदाज आधी बघितला होता. डॅलसच्या दक्षिणेला संध्याकाळी वादळांची रांग येणार होती, आम्ही तिच्या आधी निसटणार होतो. वादळांनी मात्र संध्याकाळपर्यंत थांबायचं नाही असं ठरवलं.

अर्धा तास झाला तेव्हा पडद्यावर पश्चिमेकडून पूर्वेकडे लाल-पिवळी माळ दिसायला लागली. मधोमध एक छान फट. पंधराएक मैल रुंद, पलीकडे सगळं स्वच्छ. चित्राचं वय चार मिनिटं. भाऊ शेजारच्या सीटवर आयपॅड मांडीवर घेऊन बसलेला. तो म्हणाला, "दादा, हे बघ, इथून सरळ वाट आहे की. दहा मिनिटांत पार."

मी त्याला म्हटलं, "आता आयपॅड खाली ठेव आणि समोर बघ."

समोर फट नव्हती. जिथे ती असायला हवी होती तिथे एक पांढरा बुरूज उभा होता आणि त्याच्या खाली शाईसारखं काळं. नियंत्रकाला विचारलं. तो म्हणाला की तुमच्या पुढचे दोघे त्या फटीपर्यंत जाऊन पश्चिमेला वळले, एकाला जोरदार हादरे बसले, तुमचा विचार काय? माझा विचार कॉलेज स्टेशन असा होता. ते डाव्या हाताला वीसेक मैलांवर होतं, तिथे ऊन होतं. वळलो, उतरलो, विमान बांधलं.

भाऊ नाराज होता. स्पष्ट बोलला नाही, पण तिकीट त्याचं बुडणार होतं. "चार मिनिटांपूर्वी तर मोकळं होतं ना?" एवढंच म्हणाला. मग आम्ही विमानतळाच्या लाउंजमध्ये बसून तेच चित्र मागेपुढे करून बघितलं. रडारच्या मूळ वेळा आता दिसत होत्या. आम्ही ज्या क्षणी फट बघत होतो, त्या क्षणी ती जवळजवळ मिटलेली होती. आपण बघितली ती आधीच्या अकरा-बारा मिनिटांची आठवण होती. त्याने दोनदा तपासलं आणि गप्प बसला. भाड्याची गाडी घेऊन तो डॅलसला गेला. त्याच वादळांमुळे त्याचं मोठं विमानही तीन तास उशिरा सुटलं, तेव्हा तिकीट वाचलं.

यात माझी काही बहादुरी नाही. दिवस होता, खिडकीतून ढग दिसत होता, शेजारी ऊन असलेला विमानतळ होता. हेच रात्री असतं किंवा आम्ही ढगाच्या आत असतो, तर खिडकीने काहीच सांगितलं नसतं. मग फक्त चित्र उरतं, आणि चित्र म्हणतं वाट मोकळी आहे.

कॉलेज स्टेशनला लागूनच ब्रायन नावाचं गाव आहे. १९ डिसेंबर २०११ रोजी एक खासगी पायपर विमान तिथून जवळच वादळात सापडलं आणि हवेतच तुटलं. पाच जण गेले. वैमानिकाकडे हवामानाचं चित्र होतं. त्याआधी २५ मार्च २०१० रोजी टेनेसीतल्या ब्राउन्सव्हिलजवळ एक रुग्णवाहिका हेलिकॉप्टर पडलं. रुग्णाला सोडून ते आपल्या तळावर परतत होतं. तिघे गेले. तिथेही चित्र उपलब्ध होतं. एनटीएसबीने २०१२ च्या इशाऱ्यात हेच दोन अपघात उदाहरण म्हणून दिले. दोन्हीकडे वादळं झपाट्याने वाढत आणि सरकत होती, आणि चित्र त्याच्यावर लिहिलेल्या वयापेक्षा जुनं होतं. नुसत्या त्यामुळेच अपघात झाले, असा सोपा निष्कर्ष काढू नका. अपघाताला एकच कारण क्वचित असतं. पण रस्ता विचारल्यावर ज्याने मागच्या चौकातला रस्ता सांगितला, तोही त्या प्रवासात सामील असतोच.

आता कुणी म्हणेल, मग ही भानगड कॉकपिटमध्ये ठेवताच कशाला? काढून टाका.

अजिबात नाही. चित्र नसण्याचीही किंमत असते आणि ती फार मोठी आहे.

४ एप्रिल १९७७. सदर्न एअरवेजचं २४२ क्रमांकाचं डीसी-९ विमान जॉर्जियात भयंकर वादळात शिरलं. त्याच्या नाकात स्वतःचं रडार होतं, अगदी ताजं दाखवणारं. पण जवळचा मुसळधार पाऊस रडारच्या लहरी खाऊन टाकतो आणि त्याच्या मागचं काही दिसत नाही. गारा आणि पाण्याने दोन्ही इंजिनं बंद पडली. वैमानिकांनी विमान न्यू होप गावाजवळ चक्क हमरस्त्यावर उतरवायचा प्रयत्न केला. चौकशीत कॅप्टनने विमानातल्या रडारवर ठेवलेल्या भरवशावर बोट ठेवलं गेलंच, पण आणखी दोन गोष्टींवरही ठेवलं गेलं. कंपनीने वैमानिकांना ताजी माहिती पुरवली नाही. आणि सरकारी यंत्रणेकडे धोकादायक हवामानाची ताजी खबर वेळेत विमानापर्यंत पोचवायची सोय नव्हती.

त्यानंतर एकोणतीस वर्षांनी, त्याच जॉर्जियात, १९ एप्रिल २००६. स्कॉट क्रॉसफील्ड. ध्वनीच्या दुप्पट वेगाने उडणारा जगातला पहिला माणूस, १९५३ साली. वय आता ८४, स्वतःचं सेसना २१० घेऊन अलाबामाहून व्हर्जिनियाला निघालेला. वाटेत वादळात विमान तुटलं. एनटीएसबीने दोन कारणं दिली. एक, त्याने वाटेत ताजी हवामान माहिती घेतली नाही. दोन, नियंत्रकाने त्याला वादळ टाळायला मदत केली नाही. इतक्या अनुभवाचा माणूस. अनुभवाने ढगाच्या आतलं दिसत नाही.

छोट्या विमानाला नाकात रडार बसवणं कठीण. नाकावर पंखा असतो, आणि खर्च विमानाच्या किमतीत शोभत नाही. म्हणून पूर्वी आम्हा लोकांचा आधार होता तो रेडिओवरचा आवाज. १२२.० मेगाहर्ट्‌झ लावायचं, 'फ्लाइट वॉच'ला हाक मारायची. पलीकडे हवामानाचं प्रशिक्षण घेतलेला माणूस समोर रडार घेऊन बसलेला. तो सांगायचा, तुझ्या पुढे चाळीस मैलांवर रांग आहे, पूर्वेला जा, आत्ताच एक जण तिकडून गेला, त्याला त्रास झाला नाही. मला शिकवणारे जुने प्रशिक्षक आजही त्या आवाजाची आठवण काढतात. त्यात काय होतं? चित्र होतंच, पण चित्र वाचणारा माणूस होता. "हे थोडं जुनं आहे हं, जपून" असं म्हणणारा.

२००५ मध्ये ही माहिती देणारी ५८ केंद्रं सरकारने एका खासगी कंपनीकडे सोपवली आणि मग त्यांची संख्या घटत गेली. त्याच वर्षी हातात मावणारा, उपग्रहावरून हवामान दाखवणारा जीपीएस बाजारात आला आणि आमच्या जगात धमाल उडाली. २०१५ मध्ये १२२.० वरची 'फ्लाइट वॉच' बंद झाली. फ्लाइट सर्व्हिस दुसऱ्या फ्रिक्वेन्सींवर राहिली, पण चित्र स्वतःच दिसतंय म्हटल्यावर हाक मारणारे कमी झाले. माझ्या पिढीच्या बऱ्याच वैमानिकांनी तिला कधी हाकच मारलेली नाही.

आवाज गेला आणि चित्र आलं, तेव्हा एक गोष्ट हरवली. शंका. माणूस बोलताना अडखळतो, 'बहुतेक' म्हणतो. चित्र कधी 'बहुतेक' म्हणत नाही. त्याच्या कडा रेखीव असतात, रंग ठाम असतात. एफएएच्याच संशोधकांनी २००४ मध्ये यावर प्रयोग केला होता. वैमानिकांना कमी-जास्त बारकाव्यांची रडारचित्रं दाखवली. चित्र जितकं बारीक आणि सुबक, तितका वैमानिकांचा पुढे जाण्याकडे कल दिसला. आपण यातून वाट काढू, असं त्यांना वाटायचं. म्हणजे चित्र सुधारलं की धाडस वाढतं. माहिती मात्र तितकीच जुनी.

म्हणून नियम असा शिकवतात की हे चित्र लांबचा बेत आखण्यासाठी आहे. शंभर मैल आधी ठरवा की पूर्वेने जायचं का पश्चिमेने, का आज घरीच बसायचं. त्या कामाला वीस मिनिटं जुनं चित्रही उत्तम चालतं. दोन ढगांच्या मधून सुईसारखं जायला ते अजिबात चालत नाही. तीव्र वादळापासून किमान २० मैल लांब राहा, असं एफएए सांगतं. दोन्ही बाजूंना वादळ असेल तर हिशोब तुम्हीच करा, फट चाळीस मैलांची हवी. आमची त्या दिवशीची पंधराची होती.

आणि आणखी एक. रडार पाऊस दाखवतं. ढग नाही, हादरे नाहीत, अजून पाऊस न पडलेला वाढता ढगही नाही. डोंगराआड तर रडारला काही दिसतच नाही. नकाशावर कोरी जागा दिसली तर तिचे दोन अर्थ असतात. तिथे पाऊस नाही, किंवा तिथली माहितीच नाही. दोन्ही वेगवेगळ्या खुणांनी दाखवलेले असतात, पण घाईत असलेल्या माणसाला कोरं ते मोकळंच वाटतं.

आता पैशाकडे येतो, कारण सार्वजनिक प्रश्न इथे आहे.

रडार जनतेचं. माहिती जनतेची. ती नीट बांधून विमानात पोचवायचे पैसे कंपनीने घेतले तर माझी तक्रार नाही, तेही काम आहे. पण २००५ मध्ये पेनसिल्व्हेनियाचे सिनेटर रिक सँटोरम यांनी एक विधेयक आणलं. खासगी कंपन्या जी सेवा देतात किंवा देऊ शकतात, ती सरकारी हवामान खात्याने सहसा देऊ नये, असा त्याचा रोख होता. हवामानाचा व्यवसाय करणारी एक मोठी कंपनी त्यांच्याच राज्यातली, हा योगायोग तेव्हा बऱ्याच जणांच्या लक्षात आला. विधेयक पुढे गेलं नाही. गेलं असतं तर जनतेच्या पैशाने मोजलेला पाऊस जनतेला पुन्हा विकत घ्यावा लागला असता.

झालं उलटंच, आणि ते चांगलं झालं. १ जानेवारी २०२० पासून अमेरिकेतल्या बऱ्याचशा नियंत्रित हवाई क्षेत्रात विमानाने स्वतःची जागा सतत प्रसारित करणं सक्तीचं झालं. त्या यंत्रणेच्या जमिनीवरच्या मनोऱ्यांमधून सरकार हवामानही फुकट पाठवतं. आसपासच्या भागाचं चित्र दर ५ मिनिटांनी, सगळ्या देशाचं दर १५ मिनिटांनी नवं. पाकीटभर आकाराचा रिसीव्हर घेतला की वर्गणी शून्य. उपग्रहाच्या सेवेचे फायदे आहेत, ती जमिनीवर आणि कमी उंचीवरही मिळते. पण ज्याला दरमहा पैसे भरणं जमत नाही तोही आता आंधळा उडत नाही. सरकारने केलेल्या गोष्टींत मी ही फार वर ठेवतो. फुकटच्या चित्रालाही वय असतं, हे मात्र विसरायचं नाही. उशीर मुळातच आहे, तो वर्गणी माफ केल्याने जात नाही.

आणि मूळच सुकलं तर? २०२५ मध्ये हवामान खात्यातून शेकडो माणसं कमी झाली. ओमाहा, रॅपिड सिटी अशा ठिकाणी माणसं नाहीत म्हणून हवामानाचे फुगे सोडणं थांबलं. पुढे पुन्हा भरतीची परवानगी द्यावी लागली. आयपॅडवरचं चित्र त्या काळातही तितकंच रंगीत दिसत होतं. हेच भीतीदायक आहे. मागची यंत्रणा अशक्त झाली तरी पडदा फिका पडत नाही.

म्हणून माझी मागणी छोटी आहे. चित्रावर ते 'तयार' कधी झालं याची वेळ लिहू नका. त्यातलं सगळ्यात जुनं मोजमाप कधी घेतलं, ती वेळ लिहा. मोठ्या अक्षरात. नकाशाचा जो तुकडा जास्त जुना असेल तो फिका दाखवा. प्रत्येक रडार आपल्या माहितीबरोबर वेळ पाठवतंच, ती गोधडी शिवताना झाकली जाते एवढंच. कंपन्यांना हे का नको वाटतं तेही कळतं. 'एक मिनिट जुनं' विकायला सोपं, 'बारा मिनिटं जुनं' कोण विकत घेईल? पण औषधाच्या बाटलीवर उत्पादनाची तारीख लिहायची की बाटली दुकानात आली त्याची, हे दुकानदाराने ठरवायचं नसतं.

इथे महाराष्ट्रातल्या वाचकांसाठी दोन शब्द. तुम्ही विमान उडवत नसाल, पण जून ते सप्टेंबर रडारचं चित्र तुम्हीही बघता. मुंबईत जोराचा पाऊस सुरू झाला की माझ्या कुटुंबाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर रडारचा स्क्रीनशॉट येतो. खाली लिहिलेलं असतं, "पुढचा एक तास घराबाहेर पडू नका." कुणी काढला, कधी काढला, माहीत नाही. एकदा मी वेळ वाचली तर चित्र आदल्या दिवशीचं होतं. काही चित्रांवर वेळ यूटीसीमध्ये असते, म्हणजे आपल्या घड्याळाच्या साडेपाच तास मागे. दुपारी साडेतीनचं चित्र सकाळी दहाचं वाटतं. त्यावरून कुणी लोकल पकडायचं ठरवतो, कुणी मुलांना शाळेतून आणायचं ठरवतो, कुणी फवारणीचं.

आणि हे पावसापुरतं नाही. धरणाची पातळी, हवेची गुणवत्ता, रुग्णालयातल्या रिकाम्या खाटा, सगळं आता पडद्यावर 'लाइव्ह' दिसतं. करोनाच्या काळात आपण सगळ्यांनी अनुभवलं की पडद्यावर खाट रिकामी दिसते आणि फोन केला की भरलेली असते. तिथेही प्रश्न हाच होता. आकडा पडद्यावर कधी चढवला हे कळत होतं, खाट कुणी आणि कधी मोजली हे कळत नव्हतं.

यावर उपाय म्हणून पडदे बंद करा असं मी म्हणणार नाही. मी स्वतः त्या चित्राशिवाय लांबच्या प्रवासाला निघत नाही. फक्त दोन सवयी लावून घेतल्या आहेत. पडद्यावरच्या वयात मनातल्या मनात पंधरा मिनिटं मिळवायची. आणि फट दिसली की आधी विचारायचं, यातून नुकतंच कुणी गेलंय का? नियंत्रकाला विचारा, पुढच्या विमानाला विचारा. जिवंत माणसाने आत्ता बघितलेली एक ओळ दहा मिनिटं जुन्या सुंदर नकाशापेक्षा मोलाची असते.

तुम्हीही विचारा. रडारचा फोटो पाठवणाऱ्या काकांना विचारा, "किती वाजताचा?" महापालिकेच्या डॅशबोर्डला विचारा, "मोजलं कधी?" उत्तर मिळेलच असं नाही. पण रोज शंभर जणांनी विचारलं तर कुणाला तरी ती वेळ लिहावी लागेल. आणि ही पोस्ट पुढे पाठवलीत, तर वरची तारीख कापू नका.